कुलूपही तिथंच, किल्लीही तिथंच

गुरुवारी संध्याकाळी दाभोळच्या खाडीत सगळ्या बोटी परत आल्या, माझ्या अब्बांची ‘सफिना’ तेवढी आली नाही, आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. आमच्यात जुम्म्याला मासेमारीसाठी कुणी बाहेर राहत नाही. गुरुवारी बोटी लागतात, शुक्रवारी माणसं फाटलेली जाळी तुणतात, नमाज पढतात, आणि शनिवारी पहाटे पुन्हा दर्यात जातात. तरीसुद्धा जेटीवर लोक हसलेच. कमाल तांडेलाला घोळ मासळी लागली असेल, जागा सोडवत नसेल त्याला, येईल उद्या मिशीत हसत, असं म्हणून जो तो आपल्या घरी गेला.

ही जागा म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर आमच्या घरातलं वेड तुम्हाला कळायचं नाही. दर्या सगळ्यांचा असतो, पण तळाला खडप, म्हणजे खडक, कुठे आहे आणि कुठल्या खडपाला कुठल्या दिवसांत मासा लागतो, हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं. अब्बांना अशी एक जागा सापडली होती. ती त्यांनी अम्मीला सांगितली नाही, मला नाही, आणि लियाकतचाचांना तर मुळीच नाही. लियाकतचाचा त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. आमच्या अंगणाला लागून त्यांचं अंगण, आणि त्यांची स्वतःची बोट. जागा जवळ आली की अब्बा वायरलेस बंद करून ठेवायचे. वायरलेसवर हाक आली आणि आपण उत्तर दिलं, तर आवाजावरून लोक अंतराचा अंदाज बांधतात असं त्यांचं म्हणणं होतं.

एकदा चाचांनी दिवे मालवून त्यांच्या मागे बोट घातली होती. अब्बांनी ते ओळखलं, आणि जाळं न टाकता त्यांना पाण्यात नुसतं गोल गोल फिरवून परत आणलं. बर्फ वितळला, दोन्ही बोटींच्या खलाशांनी शिव्या घातल्या, आणि तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी कामापुरतं बोलतात. ईदला गळाभेट घेतात, तीसुद्धा चार माणसं बघत असतात म्हणून. मला दोघांचाही राग येतो, पण मला कोण विचारतंय.

मागच्या वर्षी अम्मीनं हट्ट धरून ‘सफिना’वर एक यंत्र बसवून घेतलं. केबिनच्या छपरावर नारिंगी डबा, त्याला त्याची स्वतःची बॅटरी. बोट कुठे आहे ते तो दर अर्ध्या तासाला उपग्रहावरून कंपनीला कळवतो, आणि कंपनीच्या ॲपमध्ये नकाशावर टिंब दिसतं. त्या टिंबामागे, बोट जिथून जिथून गेली तिथली सगळी रेघही दिसते. अब्बांना टिंबाचं काही नव्हतं. त्यांना धास्ती होती ती रेघेची, कारण त्या रेघेत त्यांची जागा उघडी पडत होती.

त्या ॲपला दोन कुलपं होती. एक पासवर्ड, आणि दुसरा सहा आकड्यांचा कोड, जो दर अर्ध्या मिनिटाला बदलतो. चोराला पासवर्ड कळला तरी कोड नसल्यामुळे तो दाराबाहेरच राहतो. मी गावातल्या उर्दू शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे घरातलं असलं सगळं माझ्याच गळ्यात येतं. घरासाठी मी एक पासवर्ड मॅनेजर लावून दिला होता, ज्याला अम्मी तिजोरी म्हणते. लाईटचं बिल, गॅस, मासेमारीचा परवाना, बोटींचे कागद, सगळ्यांचे पासवर्ड त्यात. कागदाची कामं दोन्ही बोटींची एकत्रच होत असल्यामुळे तीच तिजोरी चाचांच्या फोनवरही उघडायची. या ॲपचा पासवर्ड मी त्यात ठेवला आणि कोडसुद्धा त्यातच लावला. तशी सोय असते. फोनला बोट लावलं की दोन्ही आपोआप भरलं जातं.

माझा मामेभाऊ झैन कुवेतला कॉम्प्युटर सुरक्षेचंच काम करतो. त्याला हे कळल्यावर त्यानं फोनवर माझी चांगलीच हजेरी घेतली. कुलूपही तिथंच आणि किल्लीही तिथंच, मग दुसरं कुलूप लावलंस कशाला, असं त्याचं म्हणणं. कुणी तिजोरी फोडली तर एका फटक्यात दोन्ही गेलं. तो चुकीचं बोलत नव्हता. मी म्हटलं, कोडच्या कटकटीला वैतागून माणसं कोड लावायचंच सोडून देतात, त्यापेक्षा हे पुष्कळ बरं. आम्ही बराच वेळ भांडलो. फोन स्पीकरवर होता आणि अब्बा शेजारी सुपारी कातरत बसले होते. मला वाटलं, त्यांना यातलं काही कळत नसणार.

त्यांना हवं तेवढं बरोबर कळलं होतं. झैनच्या एवढ्या भाषणातून त्यांनी एवढंच उचललं की तिजोरीत ठेवलं तर लियाकतला दिसतं. फोन ठेवल्याबरोबर त्यांनी मला दोन्ही तिजोरीतून काढायला लावलं. यापुढे कोड फक्त त्यांच्या एकट्याच्या फोनवर. मी विचारलं की फोन तर तुमच्याबरोबर दर्यात जातो, मग तुम्हाला काही झालं तर इकडून बघायचं कुणी?

“माझा काय व्हायचा ता अल्ला बघेल,” अब्बा म्हणाले. “जागा कोणी बघता नये.”

मी त्यांच्यासमोर दोन्ही काढून टाकलं. पण काढण्याआधी त्याची नक्कल माझ्या स्वतःच्या तिजोरीत ठेवली, जी माझ्याशिवाय कुणाला उघडत नाही. पासवर्ड आणि कोड शेजारी शेजारी. मी ते कुणाला सांगितलं नाही आणि एकदाही उघडलं नाही. वारा सुटायचा तेव्हा ॲप उघडायला बोट शिवशिवायचं, पण बापानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट एकदा मोडली होती, ती दुसऱ्यांदा मोडायचं धाडस झालं नाही.

तर त्या शुक्रवारी सकाळी बंदरावर धोक्याचा बावटा चढला. दर्यात कमी दाब तयार झाल्याचं आदल्या दिवशीच सांगत होते, आता वारा अंगणातल्या माडांना कळायला लागला होता. अम्मीनं भाकऱ्या करायला घेतल्या आणि दोन केल्यावर तवा उतरवून ठेवला. तेवढ्यात लियाकतचाचा आले. एरवी ते आमच्या ओटीवर चढत नाहीत, हाक मारून बाहेरच उभे राहतात. त्या दिवशी सरळ आत आले आणि बसले नाहीत.

पहाटेपासून ते वायरलेसवर अब्बांना हाका मारत होते. उत्तर नव्हतं. अम्मी म्हणाली की ते वायरलेस बंदच ठेवतात, तुम्हाला काय नवीन आहे. चाचा म्हणाले, बंद ठेवतो ते मलाही ठाऊक आहे, पण बावटा लागल्यावर वाऱ्याची बातमी ऐकायला तरी चालू करेल की नाही?  मग त्यांनी माझ्याकडे बघून ॲप उघडायला सांगितलं, आणि स्वतःच्या फोनवर तिजोरी उघडून शोधायलाही लागले.

मी म्हटलं, “चाचा, ते त्यात नाही. अब्बांनी काढायला लावलं.”

“माझ्यामुळा?”

 त्यांनी फोन खिशात ठेवला. मला त्यांची कीव आली, आणि त्याच वेळी हेही आठवलं की दिवे मालवून मागे गेले होते ते हेच.

मग फोनाफोनी सुरू झाली. मी कंपनीच्या हेल्पलाईनला लावला. तिकडची मुलगी आवाजानं भली होती. ती म्हणाली की मालकाच्या फोनवर दिसणारा कोड सांगा. मी सांगितलं की मालक बोटीवर आहे आणि बोटच सापडत नाही. तिनं माफी मागितली, वरिष्ठांकडे पाठवते म्हणाली, पण मालकाची खात्री पटल्याशिवाय ठावठिकाणा देता येत नाही, आणि त्याला दोन दिवस लागतील. झैननं सांगितलेली कडेकोट व्यवस्था ती हीच. चाचांनी अंगणात उभं राहून तटरक्षक दलाला फोन लावला होता. तिकडच्या साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली, की बोट शेवटची कुठे होती. चाचा म्हणाले, माहीत नाही. कुठल्या दिशेला गेली होती? माहीत नाही. सख्खा भाऊ ना तुमचा, असं साहेबांनी विचारलं असावं, कारण चाचा खाली मान घालून नुसते हो म्हणाले.

एवढ्या वेळात फोन माझ्या हातात होता आणि दोन्ही किल्ल्या त्या फोनमध्ये होत्या.  उघडावं तर चाचा शेजारी, आणि अब्बा जर खरंच जागेवर मासे ओढत बसलेले असले तर? संध्याकाळी बोट भरून हसत हसत येतील, त्यांना कळेल की त्यांची जागा पोरीनंच भावाला दाखवली, आणि मग या घरात मला बाप म्हणून हाक मारायला कुणी उरणार नाही. न उघडावं तर, त्यापुढे मी विचारच करू शकत नव्हते. मी अम्मीला मागच्या दारी नेलं आणि सगळं सांगून टाकलं.

ती माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. तिनं डोक्यावरचा पदर घट्ट ओढून घेतला आणि विहिरीच्या कठड्याला टेकून उभी राहिली.

“मंजे तू आता उघडलास तर दिसंल?”

“दिसेल.”

“आनी लियाकतला?”

“ते शेजारी असले तर त्यांनाही.”

तिनं डोळे मिटून घेतले. लग्नानंतरची सगळी वर्षं तिनं या दोन भावांच्या मधोमध काढली होती. जुम्म्याची नमाज होईपर्यंत थांबू या, असं ती म्हणाली. मग म्हणाली, नको, आत्ताच बघ, पण एकटीच बघ. मग परत म्हणाली, थांब. आम्ही दोघी अशा विहिरीपाशी उभ्या असताना पुढच्या अंगणात हौसा येऊन उभी राहिली.

हौसा ही अब्बांच्या बोटीवरच्या बाबल्याची बायको. बाबल्या भोईवाड्यातला, दहावी नापास झाल्यापासून ‘सफिना’वर खलाशी. त्याच्याशिवाय आणखी तिघे होते बोटीवर. हौसा भरभर चालत आली होती, तरी ओटीवर चढली नाही. चाचांकडे तिनं पाहिलंही नाही, माझ्याशीच बोलली.

“बाबल्या सांगून गेलाय, बोटीवर यंत्र हाय, तू घोर लावून घेऊ नको. मग यंत्रात काय दिसला, बाय?”

मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. जागा अब्बांची होती, वाद दोघा भावांचा होता, रुसवे आमच्या घरातले होते, आणि बोटीवर माणसं होती लोकांची. मी हौसाला म्हटलं, बघते, आत्ता बघते. अम्मीकडे पाहिलं तर तिनं मान हलवली.

मी आत जाऊन ॲप उघडलं. बोट लावल्याबरोबर तिजोरीनं पासवर्ड भरला आणि कोडही भरला, आणि ते मधलं चक्र फिरत राहिलं. आमच्या घरात नेटवर्कची एकच दांडी येते, तीही खिडकीत. चक्र फिरता फिरता अर्धं मिनिट उलटलं, कोड शिळा झाला, आणि चुकीचा कोड अशी लाल ओळ आली. मी पुन्हा प्रयत्न केला. नवा कोड, पुन्हा तेच चक्र, पुन्हा लाल ओळ, आणि तिच्याखाली लिहिलं होतं की आता एकच संधी शिल्लक आहे, नंतर ॲप दिवसभर बंद राहील.

गावात नेटवर्क चांगलं येतं ते फेरीबोटीच्या जेटीवर. शुक्रवारी सकाळी जेटीवर अख्खं बंदर जमलेलं असतं. म्हणजे जे एकटीनं बघायचं होतं ते आता चारचौघांत बघावं लागणार होतं. मी चप्पल न घालता धावत सुटले. माझ्यामागे चाचा, त्यांच्यामागे हौसा, आणि सगळ्यांत शेवटी अम्मी, जी एरवी जेटीवर पाऊल ठेवत नाही.

जेटीच्या टोकाला गेले तर दांड्या पूर्ण होत्या. माणसं उठून जवळ आली. कुणी विचारलं, कमालचा काही कळला का?  कोडशेजारच्या गोल घड्याळात थोडेच सेकंद शिल्लक होते, म्हणून तो संपून नवा कोड येईपर्यंत थांबले. तेवढं थांबणंसुद्धा सहन होत नव्हतं. नवे सहा आकडे आले आणि मी बटण दाबलं.

नकाशा उघडला. निळं पाणी, किनाऱ्याची कड, आणि त्यात बरंच आत एक लाल टिंब. त्याच्यामागे वर्षभराच्या सगळ्या रेघा. त्या सगळ्या खाडीच्या तोंडातून निघून वायव्येला एकाच ठिकाणी जाऊन गुंतल्या होत्या, सुताचा गुंता व्हावा तशा. ती अब्बांची जागा. ती बघायला आंधळ्याशिवाय कुणालाही वेळ लागला नसता. माझ्या खांद्यावरून चार डोकी पुढे आली, आणि तेवढ्यात चाचांनी हात पुढे करून अंगठा स्क्रीनवर ठेवला, बरोबर त्या गुंत्यावर.

“टिंब मोठा कर,” ते मला म्हणाले. “बाकी काय नको.”

मी दोन बोटांनी टिंब इतकं मोठं केलं की बाकी सगळं बाहेर गेलं, आणि मगच त्यांनी अंगठा काढला. चाचांनी ती जागा पाहिली नाही असं मी म्हणणार नाही. माणसाला डोळे असतात. पण जेटीवरच्या बाकी कुणाला ती दिसली नाही.

आता नुसतं टिंब आणि त्याची ताजी रेघ होती. ती रेघ चाचांनी वाचली. मला ती साधी रेघ दिसत होती, त्यांना दिसलं की आदल्या दुपारपासून ती कुठेही वळलेली नाही, एका मंद बाकानं दक्षिणेला जयगडच्या बाजूला सरकत गेली आहे, आणि भरतीला थोडी आत, ओहोटीला थोडी बाहेर झाली आहे. इंजिन चालू असलेली बोट अशी जात नाही.

“बोट चालत नाय,” चाचा म्हणाले. “व्हावतेय.”

त्यांनी तटरक्षक दलाला पुन्हा फोन लावून टिंबाचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवले. साहेब म्हणाले की जहाज निघतंय, पण ते रत्नागिरीच्या खालून येणार, वेळ लागेल. चाचांनी फोन ठेवला आणि आपल्या खलाशांकडे बघितलं. बावटा लागलेला, जुम्म्याची वेळ झालेली, अशात बोट काढायची नसते. तिघेही उठले. मशिदीतून अजान सुरू झाली तेव्हा चाचांची बोट खाडीच्या तोंडातून बाहेर पडत होती आणि लाटा तिच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, चढत होत्या. नमाजला निघालेली माणसं वाटेत थांबून बघत राहिली.

पुढचे तास कसे गेले ते मला सलग आठवत नाही. मच्छीमार सोसायटीच्या खोलीत एक वायरलेस आहे, त्यावरून मी चाचांना टिंबाची नवी जागा कळवत होते. टिंब अर्ध्या तासानं सरकायचं आणि मधला वेळ मी त्याकडे डोळे लावून बसायची. काही अंतर गेल्यावर चाचांचा आवाज तुटायला लागला, मग नुसती खरखर आली, मग तीही थांबली. आता दोन्ही बोटी आमच्या हाताबाहेर होत्या. हौसा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बस म्हटलं तर बसत नव्हती. अम्मीनं एकदा माझ्या हातातला फोन घेऊन फार जवळून बघितला.

“ह्यात माणसा नाय दिसत?”

मी म्हटलं, नाही अम्मी, ह्यात फक्त डबा दिसतो. ते बोलल्यावर मलाच कळलं की मी काय बोलले. टिंब छपरावरच्या डब्याचं होतं. त्या छपराखाली पाच माणसं आहेत, तीन आहेत की कुणीच नाही, हे त्या टिंबाला ठाऊक नव्हतं.

दुपार उलटून गेली आणि टिंब वळलं. दक्षिणेला सरकायचं सोडून त्यानं पूर्वेकडे, आमच्याकडे, तोंड केलं. पुढच्या खेपेला आणखी जवळ. मी ओरडून सांगितलं की चाचा पोचले, बोटीला दोर लावला. खोलीत गलका झाला, कुणीतरी अल्लाचे शुक्र मानले, कुणीतरी चहा आणायला पळालं. अम्मी आणि हौसा मात्र तशाच होत्या. रिकामी बोटसुद्धा दोरानं ओढून आणतात, हे दर्याकाठच्या बायकांना कुणी सांगावं लागत नाही.

ऊन कलायला लागलं तसं आम्ही पुन्हा जेटीच्या टोकाला जाऊन उभ्या राहिलो. वारा इतका होता की फोन दोन्ही हातांनी धरावा लागत होता. टिंब आता किनाऱ्याच्या बरंच जवळ आलं होतं, जिथून फोन लागायला सुरुवात होते तिथपर्यंत. कुणाचाही फोन आला नाही. मी चाचांना लावला, लागला नाही. अब्बांना लावला, तोही लागला नाही. आणि मग माझ्या हातातला नकाशा एकाएकी नाहीसा झाला. टिंब गेलं, रेघ गेली, पाणी गेलं, स्क्रीन नुसती पांढरी.

अम्मीनं माझं मनगट धरलं. “बुडाला?”

 मी ॲप पुन्हा उघडलं. तिजोरीनं पासवर्ड भरला, तो चुकीचा आहे असं उत्तर आलं. पुन्हा भरला, पुन्हा चुकीचा. वर बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती मी दोनदा वाचली आणि तिसऱ्यांदा कुठे मला तिचा अर्थ लागला. या खात्याचा पासवर्ड आत्ताच बदलण्यात आला आहे, असं ती सांगत होती.

नव्या फोनवरून कुणी खात्यात शिरलं की मालकाच्या फोनवर निरोप जातो, की हे तुम्हीच का? मालक नाही म्हणाला की ॲप सगळ्यांना बाहेर हाकलतं आणि त्याच्याकडून नवा पासवर्ड घेतं. त्यासाठी त्याच्याकडचा कोड लागतो. अब्बांचा फोन उघडतो फक्त त्यांच्या अंगठ्यानं, आणि भर वाऱ्यात, बंद पडलेल्या बोटीत, फोनला रेंज आल्या आल्या घरी फोन करायचा सोडून आधी कुलूप बदलणारा माणूस अख्ख्या दाभोळात एकच आहे.

“अम्मी,” मी म्हटलं, “अब्बांनी मला बाहेर काढलं.”

तिला ते कळायला एक क्षण लागला. मग ती जेटीवर मटकन खाली बसली आणि दिवसभरात पहिल्यांदा रडली. मीही रडत होते आणि हसतही होते, आणि मनातून त्यांना इतक्या शिव्या देत होते की त्या इथे लिहिता येणार नाहीत.

तेवढ्यात फोन वाजला. सलाम नाही, दुआ नाही.

“मनाल, ॲप कोणी उघडला?”

“मी.”

पलीकडे वारा होता, आणि लांबून चाचांच्या इंजिनाचा आवाज. “लियाकतनं बघितला?”

“बघितला म्हणून तुम्ही आता बोलताय,” मी म्हटलं.

 अब्बा यावर काय बोलले असते ते मला कधीच कळलं नाही, कारण अम्मीनं माझ्या हातून फोन ओढून घेतला. स्वतःच्या नवऱ्याला तिनं कसे आहात म्हणून विचारलं नाही, काय झालं होतं तेही विचारलं नाही. “बाबल्या खय्‌ हाय? त्याला दे आधी,” एवढंच म्हणाली, आणि उठून फोन हौसाच्या कानाला लावला.